ढाळ आधी, हायड्रंट नंतर

नव्या लोडिंग शेडचा कोबा वाळला की टँकर जिथे उभा राहणार त्या जागेच्या बरोबर मधोमध बादलीभर पाणी ओतावं आणि दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. पाणी जिकडे जाईल, उद्या माल भरायची होज सुटल्यावर टोल्युइनसारखा ज्वालाग्राही द्रवही तिकडेच जाणार. बहुतेक शेडमध्ये हे पाणी तीनपैकी एका वाटेनं जातं. टँकरच्या मागच्या चाकांखाली साचतं, कारण गवंड्यानं ढाळ अंदाजानं काढलेला असतो. किंवा बॅरल गोदामाच्या शटरकडे वळतं, कारण फरशी धुवायला ते सोयीचं. नाहीतर कंपाउंडच्या कडेच्या पावसाळी गटारातून थेट बाहेरच्या नाल्याला लागतं. चौथी वाट, म्हणजे शेडपासून लांब बांधलेल्या बंद खड्ड्याची, क्वचितच दिसते.

खान्देशातल्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे जळगाव, धुळ्याजवळची अवधान, नरडाणा, नवापूर आणि शिरपूर-शहादा पट्ट्यातल्या सुट्ट्या कारखान्यांत, ज्वालाग्राही रसायनांची साठवण वाढते आहे. तेलगिरण्यांच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन असतं, डिस्टिलरीत इथेनॉल, रंग-रेझिन-औषधांच्या कारखान्यांत टोल्युइन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळ रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि डझनभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आणि तशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चर्चा एकाच वळणावर येते: एनओसी होती का, बंब किती वेळात आला, एक्स्टिंग्विशर होते का. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण उशिराचे आहेत. आमचं म्हणणं असं की रसायनांच्या साठवणीचं अग्निसंरक्षण जमिनीच्या ढाळापासून आखायला हवं, आणि मंजुरी देणाऱ्या यंत्रणेनं सगळ्यात आधी तोच कागद मागायला हवा. हायड्रंट (बंबाच्या पाण्याचे नळ), पंप, फोम (जळत्या द्रवावर पसरून हवा तोडणारा फेस) यांचे आकडे त्या कागदावरून निघतात. आज उलटं चाललंय. आकडे आधी ठरतात आणि ढाळ गवंडी ठरवतो.

हिशेब करून पाहू. टँकर भरताना मिनिटाला 500 लिटरनं माल जातोय. होज निसटली आणि पंप बंद करायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं हा उदार अंदाज नाही, कारण स्विच अनेकदा शेडच्या आत, म्हणजे सांडलेल्या मालाच्या पलीकडे असतो. एक हजार लिटर सांडले. सपाट कोब्यावर द्रव काही मिलिमीटर जाडीचा थर होऊन पसरतो. पाच मिलिमीटर धरले तर 200 चौरस मीटर. म्हणजे टँकर, मागचं गोदाम आणि पळण्याची वाट, तिन्ही एकाच तळ्यात. पेटलं तर फोमचं द्रावण चौरस मीटरला मिनिटाला 6.5 लिटर या प्रचलित दरानं मारायचं म्हटलं, तर मिनिटाला 1,300 लिटर द्रावण हवं. पंधरा मिनिटांचे होतात 19,500 लिटर, आणि इथेनॉल-अ‍ॅसिटोनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या मालासाठी सहा टक्क्यांनी धरलं तर जवळपास 1,170 लिटर फोम कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाण्यात मिसळायचा मूळ अर्क. मध्यम आकाराचे किती कारखाने एवढा साठा ठेवतात?

आता तीच जागा 15 मीटर बाय 5 मीटरची धरा. चारी बाजूंनी 100 ते 150 मिलिमीटरचा गोलसर उंचवटा, टँकर वर चढून जाईल असा. आतला कोबा 60 ला 1 ढाळानं एका कडेच्या चरीकडे. चर जाते 10-15 मीटर लांबच्या दोन बाय तीन मीटरच्या झाकलेल्या खड्ड्याकडे. सांडलेला माल मिनिटाभरात टँकरखालून निघून जातो. पेटलाच तर ओली फरशी थोडा वेळ जळेल आणि पुढची आग खड्ड्याच्या सहा चौरस मीटरांत. अगदी सावधपणे अख्खी 75 चौरस मीटर फरशी पेटली असं धरलं, तरी मिनिटाला 490 लिटर द्रावण आणि पंधरा मिनिटांना साधारण 440 लिटर कॉन्सन्ट्रेट पुरतं. दोनशे लिटरची सव्वादोन बॅरलं. पाऊण टनाचा फरक केवळ ढाळानं पडला.

खड्ड्याचा आकार किती? टँकरला कप्पे असतील तर सगळ्यात मोठ्या कप्प्याएवढा माल मावायला हवा. रसायनांचे स्टेनलेस स्टीलचे टँकर पुष्कळदा एकाच कप्प्याचे असतात. तिथे अख्खा टँकर धरावा लागतो, आणि एवढा मोठा खड्डा परवडत नसेल तर तो डाइकच्या, म्हणजे साठवण टाक्यांभोवतीच्या बंदिस्त भिंतीच्या, भूमिगत टाकीला जोडावा. चर आणि खड्डा यांच्यामध्ये पाण्याचा यू-ट्रॅप हवा, नाहीतर चरीतून ज्योत खड्ड्यापर्यंत जाते आणि खड्ड्यातली वाफ उलट शेडमध्ये येते. इथे खान्देशाची खास अडचण आहे: एप्रिल-मे महिन्यांत ट्रॅपमधलं पाणी आठवड्याभरात आटतं. दर सोमवारी ट्रॅपमध्ये पाणी ओतण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं नसेल, तर उन्हाळ्यात तो ट्रॅप म्हणजे नुसता वाकडा पाइप.

उन्हाळ्याचा मुद्दा इथेच संपत नाही. पेट्रोलियमचे कायदेशीर वर्ग फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते त्यावरून, ठरतात: 23 अंशांखाली अ वर्ग, 23 ते 65 अंशांच्या दरम्यान ब वर्ग. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली वीसेक अंश, टोल्युइनचा साधारण 4, मिथेनॉलचा 11, इथेनॉलचा 13. यांच्याबाबत कुणी गाफील राहत नाही. गफलत होते ती ब वर्गात. झायलीनचा फ्लॅश पॉइंट साधारण 27 ते 30, आणि डिझेलच्या मानकात किमान 35 अंशांची अट आहे. महाबळेश्वरात डिझेलची सांडलेली थारोळी आगपेटीच्या काडीलाही सहज दाद देत नाहीत. जळगावात मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या आसपास जातो आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी वर. त्या दुपारी झायलीन आणि डिझेल फ्लॅश पॉइंटच्या वर असतात, म्हणजे वागणुकीनं अ वर्गच. कागदावर मात्र ते ब वर्गात राहतात. एका ठिकाणी 2,500 लिटरपर्यंतच्या, एक हजार लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नसलेल्या ब वर्गाच्या साठ्याला पेट्रोलियम कायद्यानुसार परवाना लागत नाही. कायदा काश्मीर ते कन्याकुमारी एकच असणार, हे समजण्यासारखं आहे. पण डिझाइन करणाऱ्यानं जळगाव-धुळ्यात ब वर्गाला अ वर्गाचीच वागणूक द्यावी. त्याचा खर्च नगण्य आहे.

उन्हाचा दुसरा फटका स्प्रिंकलरला बसतो. सगळीकडे लाल, म्हणजे 68 अंशांना फुटून पाणी सोडणारा बल्ब बसवण्याची सवय आहे. पत्र्याच्या शेडमध्ये छताखालचं तापमान मे महिन्यात साठीला टेकतं. बल्ब कमाल तापमानापेक्षा तीसेक अंश वरचा असावा हा साधा नियम, म्हणजे इथे हिरवा 93 चा हवा. लाल बल्ब लावला की एका दुपारी आपोआप फुटतो, माल भिजतो, मालक वैतागतो आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकतो. तो व्हॉल्व्ह मग कायमचाच बंद राहतो. कुणाच्या निष्काळजीपणाला दोष देण्यापेक्षा बल्बचा रंग निवडणाऱ्याला विचारावं. आणि छताला पत्र्याखाली उष्णतारोधक लावला, वर हवा खेळती ठेवली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तिसरा फटका फोमला. फोम कॉन्सन्ट्रेट साठवायची कमाल मर्यादा बहुतेक उत्पादक साधारण 49-50 अंशांची देतात. ही बॅरलं कुठे असतात? पंपहाउसच्या पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला. अल्कोहोल-रोधक फोममध्ये पॉलिमर असतं. ते उष्णतेनं वेगळं होऊन तळाशी चिकट लापशीसारखं बसतं आणि ऐन वेळी इंडक्टर (फोम ओढून पाण्यात मिसळणारा जोड) वरचं पातळ पाणी ओढतो. बॅरल सावलीत ठेवणं आणि वर्षातून एकदा नमुना तपासून घेणं, एवढंच करायचं असतं.

फोमबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात. हेक्झेन, टोल्युइन यांवर साधा एएफएफएफ फोम चालतो. इथेनॉल, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन यांवर टाकला तर तो पाहता पाहता विरतो, कारण हे द्रव फोममधलं पाणी पिऊन टाकतात. त्यांना अल्कोहोल-रोधक फोम लागतो, जो द्रवावर पातळ पडदा धरतो. बाजारातला बराचसा अल्कोहोल-रोधक फोम टोल्युइनसारख्यावर 3 टक्के आणि अल्कोहोलवर 6 टक्के वापरायचा असतो. इंडक्टरची खुंटी तीनवर अडकलेली, आणि समोर इथेनॉल, अशी जोडी अनेक ठिकाणी बघायला मिळते. शिवाय अल्कोहोलवर फोम थेट धार मारून टाकायचा नसतो. मागच्या भिंतीवर किंवा टाकीच्या अंगावर मारून ओघळू द्यायचा. जोरात मारला तर तो द्रवात बुडतो आणि पडदा धरतच नाही. आणि इंडक्टर मिनिटाला 450 लिटरचा, नोझल 225 लिटरचा असेल तर फोम ओढलाच जात नाही, नुसतं पाणी येतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, फोम चाललाय.

इथेनॉलची आणखी एक लबाडी आहे. त्याची ज्योत फिकट निळी, आणि खान्देशी उन्हात जवळजवळ दिसतच नाही. माणसाला आधी आच लागते, मग कळतं. म्हणून डिस्टिलरीच्या लोडिंग पॉइंटवर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. वर रेषीय उष्मा-संवेदक केबल लागते आणि खाली घोट्याच्या उंचीवर वाफेचे संवेदक, कारण इथेनॉलची वाफ हवेपेक्षा दीडपटीनं जड, टोल्युइनची तिपटीहून. हेच संवेदक छताला टांगलेले दिसले की समजावं, बसवणाऱ्यानं स्मोक डिटेक्टरची सवय इथे लावली. आणि "इथेनॉल पाण्यात मिसळतं, पाणी मारून पातळ करू" असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: 20 टक्के इथेनॉल असलेल्या पाण्याचाही फ्लॅश पॉइंट 36 अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात ते पाणीसुद्धा पेट घेऊ शकतं. एक हजार लिटर इथेनॉल दहा टक्क्यांवर आणायचं तर नऊ हजार लिटर पाणी ओतावं लागेल, आणि तेवढ्यानंही फ्लॅश पॉइंट जेमतेम 49 वर जातो. शिवाय ते दहा हजार लिटर थांबणार कुठे?

हा प्रश्न डाइकला तर फारच झोंबतो. साडेतीन मीटर व्यासाच्या, सहा मीटर उंचीच्या चार टाक्या एका डाइकमध्ये आहेत असं धरा. प्रत्येकीत सुमारे 58 हजार लिटर. सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के हा प्रचलित हिशेब धरला तर डाइकची क्षमता झाली साधारण 64 हजार. आता तेल डेपोंच्या मानकाप्रमाणे टाक्यांच्या अंगावर चौरस मीटरला मिनिटाला तीन लिटर थंडाव्याचं पाणी सुरू केलं. एका टाकीचं अंग 66 चौरस मीटर, चारींचं मिळून मिनिटाला सुमारे 790 लिटर. एक टाकी फुटून पूर्ण रिकामी झाली असेल तर डाइकमध्ये उरलेली जागा सहाएक हजार लिटरची. ती आठ मिनिटांत भरते. नवव्या मिनिटाला पाणी वर चढतं आणि टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं असल्यानं भिंतीवरून पहिलं बाहेर पडतं ते जळतं टोल्युइन. चार तासांचा साठा ठेवला म्हणून अभिमानानं दाखवतात ती 1 लाख 90 हजार लिटरची टाकी इथे आग विझवायला नव्हे, पसरवायला कामी येते. उपाय आहेतच: डाइकमध्ये आतल्या ठेंगण्या भिंती घालून माल एका कोपऱ्यात राखणं, टोल्युइनसारख्या तरंगणाऱ्या मालासाठी पाणी तळातून यू-पाइपनं बाहेर काढणं, इथेनॉलसाठी वेगळी धारण-टाकी बांधणं. पण हे सगळे उपाय काँक्रीट ओतण्याआधीचे. नंतर सुचले तर डाइकची भिंत फोडावी लागते.

डाइकच्या भिंतीतला पावसाळी ड्रेन व्हॉल्व्ह हाही एक स्वतंत्र विषय आहे. तो बाहेरच्या बाजूला, बंद आणि कुलपात हवा. पाऊस थांबल्यावर पाणी तपासून, माणूस उभा राहून उघडायचा आणि लगेच बंद करायचा. प्रत्यक्षात जूनच्या पहिल्या पावसाला उघडतात आणि दिवाळीला बंद करतात. 29 ऑक्टोबर 2009 ला जयपूरच्या तेल डेपोत पेट्रोलची गळती सव्वा तास चालली. वाफेचा ढग पेटला, अकरा माणसं गेली, आग अकरा दिवस जळत होती. मूळ चूक पाइपलाइनवरचा हॅमर ब्लाइंड व्हॉल्व्ह उघडताना झाली, हे खरं. पण डाइकचा ड्रेन उघडा असल्यानं पेट्रोल गटारांत शिरलं, हेही चौकश्यांत पुढे आलं. त्याआधी 11 डिसेंबर 2005 ला इंग्लंडमधल्या बन्सफील्डला टाकी ओसंडून वाहिली, कारण पातळीचा काटा अडकला होता आणि वरचा स्वतंत्र स्विच काम करत नव्हता. तिथे डाइकच्या भिंती सांध्यांतून आणि पाइप जातात त्या भोकांतून गळल्या. फोमसकट दूषित पाणी जमिनीत मुरलं. सांध्यांत भरलेलं रबरी पुटिंग आगीत जळून गेलं की उरते ती फट. आपल्याकडे डाइकमधून पाइप काढून भोक सिमेंटनं बुजवतात, तेही अर्धवट.

खान्देशात हे पाणी कुठे जातं याचं उत्तर एकच आहे. गिरणा, वाघूर, पांझरा, अमरावती, गोमाई, सगळ्यांचं पाणी शेवटी तापीला मिळतं. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज, पुढे उकाई आणि सुरत शहराचं पिण्याचं पाणी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ 1 नोव्हेंबर 1986 ला सँडोझच्या कीटकनाशक गोदामाला आग लागली. बंबांनी पाणी मारलं, आग विझली, आणि विषारी, लालभडक पाणी ऱ्हाइन नदीत गेलं. नदीतले ईल मासे शेकडो किलोमीटर मेले. आगीनं नव्हे, ती विझवण्याच्या पाण्यानं. कीटकनाशकांची गोदामं आपल्याकडेही आहेत, कापसाच्या पट्ट्यात तर भरपूर. पण त्यांच्या एनओसीच्या फायलीत विझवण्याचं पाणी अडवण्याचा रकाना शोधून सापडत नाही.

लोडिंगच्या जागेत शिस्तीचा भाग किती आणि डिझाइनचा किती, यावर वाद होऊ शकतो. आम्ही डिझाइनच्या बाजूचे. अर्थिंगचा चिमटा बघा. टँकरला चिमटा लावायचा, मग होज जोडायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चिमटा लावतात कुठे? मडगार्डच्या रंगावर, किंवा गंजलेल्या शिडीला. रंगाखाली धातू असला तरी चिमट्याच्या दातांपर्यंत तो पोचत नाही. चिमटा लागला की पंप सुरू होतो आणि संपर्क सुटला की बंद होतो असं इंटरलॉक बसवलं, तर ड्रायव्हर स्वतःच रंग खरवडतो. मॅनहोल उघडून वरून होज लोंबकळत सोडणं, तिला नायलॉनच्या दोरीनं बांधणं, हा तर नित्याचा देखावा. माल वरून आदळत पडला की स्थिर विजेचा भार तयार होतो, आणि हेक्झेन-टोल्युइनसारखे द्रव वीज वाहून नेत नाहीत म्हणून तो साठत राहतो. खालपर्यंत जाणारी धातूची नळी हवी, आणि तिचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत. तीन इंची पाइपमध्ये हा वेग म्हणजे मिनिटाला जेमतेम तीनशे लिटर. नंतर वाढवता येतो. उन्हाळ्यातली कोरडी हवा, नायलॉनचा शर्ट आणि प्लास्टिकची बादली या तीन गोष्टी एकत्र आल्या की बाकीचं काम ठिणगी स्वतः करते.

याच यादीत चाकाखालचा लाकडी ठोकळा (दगड नव्हे), गाडीची चावी सुपरवायझरकडे, होजमध्ये ताण पडताच दोन्हीकडून बंद होणारी ब्रेकअवे जोडणी, आणि शेडच्या बाहेर किमान दोन ठिकाणी बंद करण्याची बटणं. वॉटर स्प्रे लोडिंग जागेवर चौरस मीटरला मिनिटाला दहा लिटरच्या पुढे लागतो. 75 चौरस मीटरला सुमारे 765 लिटर. त्याची नोझलं दर तीन महिन्यांनी चालवून बघावीत. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसतो, आणि कुंभारमाशी नोझलच्या तोंडात मातीचं घर बांधून मोकळी होते. मॉनिटर (पाण्याची मोठी धार मारणाऱ्या बसवलेल्या तोफा) धोक्याच्या जागेपासून किमान 15 मीटर लांब आणि निदान दोन दिशांना हवेत, म्हणजे वारा कुठूनही असो, एक तरी चालवता येतो.

प्लास्टिकच्या हजार लिटरच्या आयबीसी टाक्यांबद्दल एकच वाक्य: ज्वालाग्राही द्रव त्यात ठेवून दोन-दोनच्या थप्प्या लावल्या असतील, तर खालची टाकी काही मिनिटांत वितळते आणि वरची तिच्यासकट सगळा माल ओतते. स्टीलची बॅरलं फुटतात, पण आधी फुगून थोडी तरी वर्दी देतात.

आता सार्वजनिक बाजू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा 2006 प्रमाणे मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात यंत्रणा चालू आहे एवढं सांगितलं जातं. ती यंत्रणा या मालाला, या फरशीला पुरेशी आहे का, हा प्रश्न तिथे येतच नाही. तो यायची जागा म्हणजे बांधकामाआधीची प्राथमिक एनओसी. तिथे आम्हाला एकच नवा कागद हवा आहे. त्याला गळतीचा नकाशा म्हणू. एका पानावर: माल कुठे सांडू शकतो, किती, कोणत्या ढाळानं कुठे जाईल, किती चौरस मीटर पेटेल, त्यावरून किती फोम आणि पाणी, आणि ते सगळं पाणी शेवटी कुठे थांबेल. कोणताही सिव्हिल इंजिनिअर आणि फायर सल्लागार मिळून तो दोन दिवसांत काढू शकतात. तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही एक्स्टिंग्विशर मोजण्यापेक्षा बादलीभर पाणी ओतून तो पडताळणं सोपं.

यावर नेहमीची हरकत येते: छोट्या उद्योगावर आणखी बोजा. हरकत अर्धी खरी आहे. फोम आणि पाण्याचा साठा खरंच महाग आहे, आणि तीस-चाळीस लाखांच्या शेडमध्ये कुणी लाखभर लिटर पाणी ठेवणार नाही. म्हणून तो भाग वसाहतीचा असावा. एमआयडीसी आपल्या वसाहतींत नियोजन प्राधिकरण आहे आणि तिची स्वतःची अग्निशमन यंत्रणाही आहे. रस्त्याकडेनं मोठ्या व्यासाची हायड्रंट रिंग, दोन-तीन ठिकाणी सामायिक पाण्याच्या टाक्या, आणि सावलीत ठेवलेला अल्कोहोल-रोधक फोमचा सामायिक साठा, सगळ्यांचा एकाच टक्केवारीचा, एकाच 63 मिलिमीटरच्या जोडणीचा. कारखान्यांनी साठवणक्षमतेच्या प्रमाणात वर्गणी द्यावी. शिरपूरसारख्या ठिकाणी, जिथे धुळं पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथे "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" ही म्हण अंतराचा शब्दशः हिशेब होते. फोमचा साठा वसाहतीतच असेल तर लांबून येणाऱ्या बंबाला निदान काहीतरी जोडता येईल. गेटवर मात्र प्रत्येक कारखान्यानं ठळक फलक लावावा: आत काय, किती, आणि कोणत्या मालावर पाणी मारायचं नाही. सोडियम हायड्रोसल्फाइटच्या बॅरलवर पाणी पडलं तर तेच पेट घेतं. बंबवाल्याला हे फाटकावर कळायला हवं, आत गेल्यावर नव्हे.

ढाळाचा भाग मात्र मालकाचाच. नव्या शेडमध्ये त्याचा खर्च फरशीच्या खर्चात मुरून जातो. जुन्या शेडमध्येही तो अशक्य नाही. फरशी न उखडता कडेला दीडशे मिलिमीटर रुंद चर कापता येते, गोदामाच्या शटरसमोर आणि गेटच्या बाजूला उंचवटा बांधता येतो, पावसाळी गटाराला झडप लावता येते. चर जाईल तिथे खड्डा नवा खणावा लागतो, पण तोही शेडबाहेर. शटडाउनचे तीन-चार दिवस पुरतात. फक्त त्या दिवसांत एकही बॅरल आत ठेवायचं नाही, चरीतली आणि गटारातली वाफ गॅस मीटरनं तपासल्याशिवाय काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावायचा नाही, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासायचं. कोबा कापणाऱ्या यंत्राची ठिणगी जुन्या गटारात साठलेल्या हेक्झेनला पुरेशी असते.